डोंगराचं नाव फुलाला

परवा हरेली झाली, छत्तीसगडातला आषाढ अमावस्येचा शेतीचा सण. रायपूरमध्ये हल्ली हरेली म्हणजे मोठ्या दुकानांच्या दारात बांबूच्या गेड्यांवर, म्हणजे चालायच्या उंच काठ्यांवर, चढवलेली पोरं आणि त्यांच्यासोबत फोटो काढणारी गिऱ्हाइकं. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात मात्र हा सण अजून जुन्याच खुणेने कळतो. बाबा बोलता बोलता एका शब्दापाशी येतात आणि थांबतात. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. मग डोळे मिचकावून तो शब्द ओलांडून पुढे जातात. काल चहाच्या वेळी हेच झालं. "या दिवसांत कातळावरून पाणी झिरपून राहिलं असंल, अन् तिथं ते आपलं..." एवढं म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

खरं तर आता थांबायची गरज उरलेली नाही. बंदी केव्हाच उठली. तो शब्द कोणीही, कुठेही, भर पावसाळ्यात ओरडून म्हणावा. कोणाचं काही बिघडत नाही. हेच तर दुखणं आहे. मीही तो शब्द इथे लिहिणार नाही. का, ते सांगते, पण आधी फुलाचं सांगायला हवं.

बाबा इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आमची मंडळी मूळची वर्ध्याकडची; आजोबा रेल्वेत लागले म्हणून रायपूरला आली आणि इथलीच झाली. बाबांना रविवार म्हणजे जंगल. पहाटेची बस धरायची, अभनपूर मागे टाकायचं, नंतरही बराच वेळ धक्के खात जायचं आणि एका डोंगरीच्या पायथ्याशी उतरायचं. फार उंच नाही ती. सह्याद्री पाहिलेला माणूस हसेल. पण सगळीकडे सपाट धानाची शेतं आणि त्यात ती एकटीच उभी, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याच्या मनात भरते. तिच्या उत्तरेकडच्या अंगाला काळा कातळ आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी झिरपत राहतं आणि त्या ओलीत, शेवाळाच्या बोटभर थरात, एक इवलंसं रोप उगवतं. आपल्या केना या रानभाजीच्या नात्यातलं. फूल बोटाच्या पेराएवढं, फिकट जांभळं, तीन पाकळ्यांचं. सकाळी उमलतं, दुपारी विरघळून जातं. कोमेजत नाही, विरघळतं. तळहातावर घेतलं तर शाईचा डाग तेवढा उरतो.

हे रोप आजवर कोणी नोंदलेलं नाही, हे कळायला बाबांना काही पावसाळे लागले. मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे: ओल्या वर्तमानपत्रांचा, डांबरगोळ्यांचा आणि गरम इस्त्रीचा. पावसाळ्यात रोपं वाळता वाळत नाहीत. कागद रोज बदलायचे, बदललेले कागद स्वयंपाकघरात दोरीवर टाकायचे. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा बाबांनी आईची इस्त्री पळवली. वर्तमानपत्रात घातलेल्या रोपावरून ते अशा हळुवारपणे इस्त्री फिरवत की आई म्हणायची, "माह्या लुगड्याले कधी असा हात नाही लागला यायचा!" यायचा म्हणजे यांचा. आईने बाबांचं नाव आयुष्यात घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

तेव्हा असा नियम होता, की नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिल्याशिवाय जग ते मानत नसे. म्हणून बाबा लॅटिन शिकले. शिकले म्हणजे काय, एक फाटका शब्दकोश आणि व्याकरणाचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसत आणि मोठ्याने म्हणत. समोरच्या घरातल्या काकू आईला विचारायच्या, "कोणतं स्तोत्र आहे हो? आमच्याकडे नाही म्हणत." आई गंभीरपणे सांगायची, "फुलाचं आहे."

लॅटिनच्या त्या नादात बाबांना एक गंमत सापडली आणि ती त्यांनी आम्हाला जेवताना, चालताना, बसमध्ये, जिथे सापडू तिथे ऐकवली. किती तरी लॅटिन शब्द डोंगरांच्या नावांतून आले आहेत, आणि तेही देवांच्या डोंगरांच्या. रोममध्ये एक टेकडी होती. तिथल्या लोकांची पहिली वस्ती त्या टेकडीवर झाली असं ते मानत, म्हणून ती पूज्य. पुढे बादशहा तिच्यावर राहायला गेले. होता होता टेकडीचं नाव बादशहाच्या घराला लागलं, घरावरून सगळ्या राजवाड्यांना, आणि त्यातूनच पुढे इंग्रजीत 'पॅलेस' आला. नात्यातल्या एका लग्नाला आम्ही रायपुरातल्या कुठल्याशा मॅरेज पॅलेसमध्ये गेलो होतो. बाबा पंगतीत भात कालवता कालवता थांबले आणि म्हणाले, "पोट्टी, आपण आत्ता एका पवित्र डोंगरावर बसून जेवून राहिलो. पाह्य, कोणाले मालूम तरी आहे का?" वाढपी वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला.

ग्रीस देशात कलांच्या देवता ज्या डोंगरावर राहत, त्याच्या नावाचं एक पांढरं फूल आपल्या हिमालयात फुलतं. रासबेरीच्या लॅटिन नावात इडा नावाचा डोंगर आहे. तिकडे एका देवाचं बालपण गेलं म्हणतात. ते डोंगर त्या फुलाफळांनी कधी पाहिलेही नसतील. बाबा म्हणायचे, डोंगर जागचा हलत नाही, पण त्याचं नाव फार फिरतं. हे ते हसत सांगायचे. मला मात्र ऐकताना भीती वाटायची. कुठल्या तरी डोंगराखालून त्याचं नाव निघून गेलंय आणि त्याला ठाऊकही नाही, असं काहीसं मनात यायचं. लहानपणी मी फार भित्री होते. अजूनही आहे.

तर बाबांनी आपल्या फुलाला त्या डोंगरीचं नाव द्यायचं ठरवलं. नाव, आणि त्याला लॅटिनची शेपटी. त्या शेपटीचा अर्थ 'तिथला राहणारा', म्हणजे आपलं 'कर' म्हणा ना. आमच्या आडनावातही 'कर' आहे आणि त्यापुढचं गाव आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. ते असो.

डोंगरीचं नाव द्यायचं तर डोंगरीवाल्यांना विचारायला हवं. पायथ्याच्या गावचा बैगा, म्हणजे गावाच्या देवांचं सगळं करणारा म्हातारा, बाबांचा स्नेही झाला होता. त्याने ऐकून घेतलं, विडी ओढली आणि एकच अट घातली. त्या गावची रीत अशी: हरेलीपासून नवाखाईपर्यंत डोंगरीचं नाव कोणी घ्यायचं नाही. नवाखाई म्हणजे नव्या तांदळाचा पहिला घास खायचा दिवस. त्या गावात तो दसऱ्याच्या आगेमागे येतो. या मधल्या काळात डोंगरीला फक्त 'सियान' म्हणायचं. सियान म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. कारण या दिवसांत सियान बूता म हे, कामात आहे. शेताशेतातून फिरून तो धानाच्या दाण्यात दूध भरतो. कामातल्या माणसाला हाक मारू नये. मारली तर तो वळून बघेल, आणि जिथे हात थांबेल तिथला दाणा पोचट राहील. नवाखाईला मात्र सगळं गाव कातळापाशी जमतं आणि एका सुरात त्याच्या नावाने हाक मारतं. काम झालं, या घरी, असं.

बैगा म्हणाला, फुलाला नाव खुशाल द्या, पण हरेली ते नवाखाई तुम्हीही घ्यायचं नाही, फुलाचंही नाही. बाबांनी "हव", म्हणजे हो, म्हटलं आणि बसमध्ये बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ते फूल फुलतं तेही नेमकं त्याच दिवसांत. म्हणजे फूल समोर असेल तेव्हा नाव तोंडात नाही, आणि नाव तोंडात येईल तेव्हा फूल विरघळून गेलेलं.

फुलाचं वर्णन नावासकट छापून आलं आणि बाबांनी अट नुसती पाळली नाही, मिरवली. वर्गात शिकवताना 'ते आपलं', घरी 'ते कातळावरचं'. आईला तर आयतंच कोलीत मिळालं. "आता कळून राहिलं ना, आम्हा बायकांले कसं वाटते ते? घ्या आता उखाणा!" एका पोळ्याला तिने सगळ्यांसमोर बाबांना फुलाच्या नावाचा उखाणा घ्यायला लावला. लाकडी बैलाची पूजा झाली होती, शेजारपाजारची पोरं बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायला दारात उभी होती, आणि बाबा, डोईवर टोपी, खांद्यावर टॉवेल, लाजत काहीतरी यमक जुळवत होते. नावापाशी आले आणि थांबले. आई खो खो हसत सुटली. तिला इतकी हसताना मी क्वचितच पाहिलं असेल.

अशी वर्षं गेली. बैगा वारला. त्याचं काम त्याची मुलगी सुकवारो बघू लागली. बाई बैगा नसतात, असं काहीजण म्हणाले. पण गावाला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. ती माझ्याहून थोडी मोठी. मी तिला दीदी म्हणते, ती मला नोनी, म्हणजे मुली. मी पन्नाशीला आले तरी नोनीच. बाबा निवृत्त झाले, गुडघे गेले, डोंगरी चढणं बंद झालं. तरी दर पावसाळ्यात मी त्यांना गाडीने पायथ्यापर्यंत नेत असे. ते खाली खुर्ची टाकून बसायचे, मी कातळावरून एक रोप आणून दाखवायचे. बघायचे आणि म्हणायचे, "जा, परत ठेवून ये." परत ठेवलेलं रोप जगत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग तो पावसाळा आला.

सुकवारोचा फोन आला तेव्हा आई तीजेच्या म्हणजे हरतालिकेच्या गप्पा मारत बेसनाच्या ठेठऱ्या तळत होती. डोंगरीवर गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान निघणार होती. कोणा कंपनीने जागा मागितली होती आणि त्यासाठी गावात जनसुनवाई ठरली होती. सरकारी साहेब येणार, लोकांचं ऐकणार, लिहून नेणार. सुकवारोचं म्हणणं असं, की गुरुजींनी येऊन फुलाचं सांगावं. हे फूल इथेच फुलतं, जगात दुसरीकडे नाही, हे शिकलेल्या माणसाने सांगितलं तर साहेब ऐकतील. बाबांनी होकार दिला. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "फूल ल बताहू गुरुजी. नाव झन लेहू." फुलाचं सांगा, नाव घेऊ नका. बाबा म्हणाले, "हव."

मी बाबांना घेऊन गेले. शाळेच्या मैदानात मांडव होता. पाऊस ताडपत्रीवर असा कोसळत होता की माईकवरचं बोलणं अर्धं ऐकू येईना. पायाखाली चिखल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एका बाजूला रुतलेल्या. पुढे टेबलामागे साहेब, तरुण, चष्म्यावर थेंब. वाईट माणूस नव्हता. मी त्याच्याबद्दल मनात पुष्कळदा राग धरून पाहिला, पण टिकत नाही.

कंपनीचा माणूस उठला आणि गोड बोलला. त्याच्या हातात नकाशा होता. "सर, नक्शे में सिर्फ नंबर है. न कोई नाम, न कोई देवस्थान. बंजर पहाडी है." साहेबाने गावाकडे पाहिलं. "नाम नहीं है क्या इस पहाडी का?"

सगळं गाव तिथे बसलं होतं. बाया डोक्यावरून पदर घेऊन, माणसं गुडघ्यांभोवती हात टाकून. साहेबाने पुन्हा विचारलं. सुकवारो उभी राहिली. "नाव हे साहेब. फेर अभी नइ बतावन." नाव आहे, पण आत्ता सांगणार नाही.

"क्यों?"

"सियान बूता म हे."

साहेबाला कोणीतरी त्याचा अर्थ समजावला. त्याने मान हलवली, पण लिहिणार काय? डोंगर कामात आहे असं? कंपनीचा माणूस हळूच हसला. मला तेव्हा गावाचा राग आला होता, कबूल करते. अरे, घर जळतंय आणि तुम्ही पाहुण्याच्या झोपेचं बघताय! एकदा, फक्त एकदा नाव घ्या. देव काय इतका कोता आहे? पण त्या दोनतीनशे माणसांत एकाचीही जीभ वळवळली नाही. पोरंसुद्धा गप्प होती. मी मागे वळून डोंगरीकडे पाहिलं तर ती ढगात अर्धी बुडालेली, आणि खाली शेतांमध्ये धान पोटऱ्यांत आलेलं.

मग बाबांना बोलावलं. मी हात धरून त्यांना माईकपाशी नेलं. बाबा छान बोलले. वर्गात बोलत तसे. कातळ, ओल, शेवाळ, तीन पाकळ्या, दुपारी विरघळणं. हिंदी त्यांची आमच्यासारखीच, मराठीच्या अंगाने जाणारी, पण लोक ऐकत होते. साहेब लिहीत होता. मग त्याने मान वर केली आणि विचारलं, "फूल का नाम क्या है, सर?"

बाबा थांबले. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. मी तो थांबा हजारदा पाहिला होता. आई त्यावर हसायची, आम्ही हसायचो. त्या दिवशी मला दरदरून घाम फुटला.

"सर, नाम तो होगा ना? बिना नाम की पहाडी, बिना नाम का फूल... मैं लिखूँ क्या?" आवाजात चेष्टा नव्हती. त्याला खरंच लिहायचं होतं. पेन कागदावर टेकवून तो वाट बघत होता.

बाबांनी सुकवारोकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही, अशी. मग बाबांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं. पूर्ण लॅटिन नाव, स्पष्ट, सावकाश, ओसरीवर बसून म्हणत तसं. त्यातला दुसरा शब्द म्हणजे डोंगरी. शेपटी लावलेली, पण डोंगरीच. गावातल्या लहान पोरानेही ओळखली असती. आणि ते नाव माईकमधून बाहेर पडलं, मैदानभर घुमलं, आणि शाळेच्या भिंतीवर आदळून पुन्हा एकदा आलं.

कोणी ओरडलं नाही. कोणी बाबांवर धावून आलं नाही. बायांनी पदर कानांवर ओढले. आणि मग सगळ्या गावाने, एकाच वेळी, वळून डोंगरीकडे पाहिलं. ती वळून बघते का, हे पाहायला. मीही पाहिलं. कंपनीच्या माणसाने पाहिलं. साहेबाने चष्मा पुसून पाहिलं. पाऊस पडत होता, ढग तसाच होता, काहीही झालं नाही. पण त्या क्षणी आपल्याकडे कोणीतरी पाहिलं असं जे मला वाटलं, ते अजून माझ्या मानेवरून गेलेलं नाही. तांदूळ निवडताना, गोल बाजारात भांड्यांच्या दुकानापुढून जाताना, कुठेही, पाऊस असला की मी उगीचच मागे वळून बघते.

परत येताना बाबा गाडीत एकदाच बोलले. "त्याच्या पेनात शाई होती अन् मी गप बसलो असतो, तर?" घरी आल्यावर आईने पाहताक्षणी ओळखलं. "घेतलं?" बाबांनी हो अशी मान हलवली. "काहून घेतलं?" असं तिने फक्त एकदा विचारलं आणि पाणी आणायला आत गेली. आतून बराच वेळ आली नाही. मी गेले तर ओट्याला टेकून रडत होती. मला म्हणाली, "मी घेतलं नाही ना गं कधी यायचं नाव. म्हणून मले मालूम आहे."

साहेबाने लिहिलं. नाव पुस्तकात होतं, पुस्तकं मोठ्या ग्रंथालयांत होती, त्यामुळे ते खोडता आलं नाही. जागेची पुन्हा पाहणी करा असा शेरा पडला आणि तो कागद कुठल्याशा टेबलावरून कुठल्याशा टेबलावर जात राहिला. अजून जातो आहे. कंपनीने दुसरीकडची जागा धरली. डोंगरी उभी आहे. नावाने तिला वाचवलं, यात शंका नाही.

दिवाळीच्या आधी सुकवारो आमच्याकडे आली. एकटी, बसने, नव्या धानाच्या चिवऱ्याचं गाठोडं घेऊन. चिवरा म्हणजे पोहेच, पण जाड, लालसर, तोंडात गोड होणारे. आईने तिला ओसरीवर नाही, आत स्वयंपाकघरात बसवलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो दाण्याचा. सुकवारो म्हणाली, "दाना त भरगे गुरुजी. फेर नाव जूठा होगे."

दाणा भरला. पण नाव उष्टं झालं. अवेळी, पावसात, माईकवर घेतलेलं नाव गाव पुन्हा सियानाला कसं देणार? उष्टं कोणी देवाला देतं का? म्हणून गाव बसलं आणि नवाखाईला गावाने डोंगरीला नवं नाव घेऊन हाक मारली. सियान आला. घरी आला. सगळं नीट झालं.

बाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "नवा नाव?"

ती रडायला लागली. बाबांचा हात धरून रडली. तुम्ही डोंगरी वाचवली गुरुजी, गाव तुमचं नाव काढतं. पण नवं नाव तुम्हाला सांगायचं नाही, असं बैठकीत ठरलं. तुम्ही ते कुठे द्याल ही भीती नाही कोणाला. तरी नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "जुन्ना नाव ल तुमन राखव. अब ओ तुँहर आय." जुनं नाव तुम्ही ठेवा, ते आता तुमचं.

तेव्हापासून ते नाव आमच्याकडे राहतं. मी हे उगीच म्हणत नाही. घरात एखादं माणूस राहावं तसं राहतं. सगळ्या जगाच्या पुस्तकांत लिहिलंय की हे फूल अमुक डोंगरीचं राहणारं, आणि त्या नावाची डोंगरी आता पृथ्वीवर नाही. जिच्यावरून नाव आलं ती जागची हललेली नाही. तिने ते टाकून दिलं. बाबा दुपारी आरामखुर्चीत झोपले की कधी कधी झोपेत तो लॅटिन शब्द पुटपुटतात. जागेपणी मात्र हरेली झाली की आपोआप थांबतात, ज्या मनाईला आता कोणी विचारत नाही ती पाळतात. कुणासाठी? मी एकदा विचारलं. म्हणाले, "सवय म्हणून नाही पोट्टी. ते बिचारं कोणाचं नाही आता. त्याले उगाच हाक मारून काय करू? येईल कोण?"

मला त्या बादशहाच्या टेकडीची आठवण येते. तिचं नाव असंच कोणीतरी अवेळी घेतलं असेल का? तिच्या पायथ्याच्या लोकांनी मग तिला गुपचूप दुसरं नाव दिलं असेल, आणि ते दुसरं नाव कोणालाच न सांगता ते लोक संपून गेले असतील. कोणास ठाऊक. असे विचार पावसाळ्यात येतात आणि मी घरातले दिवे लवकर लावते.

गेल्या नवाखाईला सुकवारोचं बोलावणं आलं. या, जेवायला या, गुरुजींना घेऊन या. आईचे पाय सुजले होते, ती राहिली. ऊन पडलं होतं, पाऊस सरला होता, दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. गावाने बाबांना हार घातला, पायांवर पाणी घातलं, पळसाच्या पानावर नव्या तांदळाचा पहिला घास त्यांच्या हातात दिला. काही कमी केलं नाही. मग कातळाकडे जायची वेळ झाली तेव्हा सुकवारो त्यांच्यापुढे येऊन हात जोडून उभी राहिली. तिला बोलावं लागलं नाही. बाबा म्हणाले, "मी इथंच बसतो, त्या नाल्यापाशी. आवाज येत नाही ना तिथवर?" ती म्हणाली, नाही येत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नोनी आ सकथे." गावाने तेही ठरवलं होतं. मी यावं, ऐकावं, आणि कोणाला सांगू नये. कोणाला म्हणजे कोणाला, हे तिने वेगळं सांगितलं नाही.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा."

मी वर गेले. कातळ कोरडा पडत चालला होता, फुलं केव्हाच संपली होती. सगळे उभे राहिले आणि डोंगरीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. तीन अक्षरं की चार, तेही मी सांगणार नाही. मी ऐकलं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काही कारण नसताना हात जोडले. खाली पाहिलं तर नाल्यापाशी, आंब्याखाली, बाबा खुर्चीत बसलेले दिसले. आवाज तिथवर जात नाही, हे त्यांना सांगितलं होतं. तरी त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत राहिले. अभनपूर आलं, गेलं. मला सांगावंसं वाटत होतं. ज्या माणसाने सगळा जन्म त्या डोंगरीला दिला, त्याला तिचं नाव माहीत नाही आणि मला माहीत आहे, हे मला सहन होईना. मी गाडी बाजूला घेतली. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने हात वर केला, थांब म्हणून.

मग विचारलं, "चांगलं आहे का?"

"हो," मी म्हटलं.

"त्याले शोभते?"

"शोभतं, बाबा."

"मग चाल," ते म्हणाले. "आई वाट पाहून राहिली असंल."